सिल्व्हराडो २५००एचडी ई८५ वर: टायमिंग शेवटी, इंधन आधी

प्रश्न असा आला आहे: "आयोवात राहतो. २००५ ची शेवरोले सिल्व्हराडो २५००एचडी आहे, ६.० लिटरचं पेट्रोल इंजिन, दीड लाख मैल झालेले. उन्हाळ्यात साडेसात हजार पौंडांचा ट्रेलर ओढते आणि चढावर नॉकिंग ऐकू येतं. इथे ई८५ गावोगाव मिळतं, स्वस्तही आहे. लॅपटॉप जोडून नुसतं ट्यून केलं तर गाडी ई८५ वर चालेल का? ताकद किती वाढेल?"

(ई८५ म्हणजे निम्म्याहून जास्त इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नॉकिंग म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक.) नुसत्या ट्यूनवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून, चालणार नाही. म्हणजे सुरू होईल, गावातल्या गावात फिरताना कुरकुरही करणार नाही. पण तुम्हाला ती ज्या कामासाठी हवी आहे, ट्रेलर मागे लावून चढ चढायला, नेमकी तिथेच ती उपाशी पडेल. ताकदीचं म्हणाल, तर रिकाम्या गाडीत फरक एवढा कमी की कळणारही नाही. फरक पडेल तो भर उन्हात, ओझं असताना, इंजिन तापलेलं असताना. गेली बरीच वर्षं मी मिडवेस्टात पेट्रोल ट्रकच ट्यून करतो. ई८५ साठी येणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांना टायमिंगबद्दल, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची त्याबद्दल, बोलायचं असतं. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचं नाव क्वचितच कोणी काढतं.

आधी आकडे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ किलो. तुम्ही रोज भरता त्या १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला १४.१, आणि ८३ टक्क्यांच्या ई८५ ला ९.९ च्या आसपास. इंजिन हवा ओढतं तेवढीच, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन वजनाने ४२ टक्के जास्त द्यावं लागतं. इथेनॉल जरा जड असल्यामुळे घनफळात ही वाढ ३५ टक्क्यांच्या जवळपास बसते.

आता हे तुमच्या इंजिनाला लावून पाहू. एलक्यू४ (तुमच्या ६.० लिटरचं कंपनीतलं नाव), ३०० हॉर्सपॉवर. पेट्रोलवर पूर्ण ताकदीला दर हॉर्सपॉवरमागे तासाला अर्धा पौंड इंधन धरा. झाले १५० पौंड, आठ इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी पावणेएकोणीस. कंपनीचे इंजेक्टर साधारण २५ पौंडी (तासाला २५ पौंड सोडणारे) आहेत, म्हणजे ते पाऊण वेळ उघडे राहतात. ठीक आहे, श्वास घ्यायला जागा आहे. ई८५ वर तेच गणित प्रत्येकी साडेसव्वीस पौंडांच्या पुढे जातं. २५ पौंडी इंजेक्टर सतत उघडा ठेवला तरी पुरणार नाही. ट्यूनमध्ये कितीही आकडे टाका, भोकातून जाईल तेवढंच जाईल. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हे पथ्य पाळायचं तर निदान ३२ पौंडी हवेत. मी ३६ ते ४२ च्या दरम्यानचे बसवतो.

बसवताना एक अट. इंजेक्टर कुठलेही घ्या, पण त्यांचा पूर्ण डेटा ज्याच्याकडे मिळतो त्याच्याकडूनच घ्या: दाबानुसार प्रवाह, व्होल्टेजनुसार उघडायला लागणारा वेळ, अगदी छोट्या पल्सला (क्षणभरच्या उघडण्याला) करायची दुरुस्ती. २००४ पासूनच्या या ट्रकना इंधनाची परतीची नळी नाही. रेलमधला (इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या नळीतला) दाब ५८ पीएसआयवर स्थिर राहतो आणि मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम मात्र बदलत राहतो, त्यामुळे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि फुल थ्रॉटलला इंजेक्टरचा प्रवाह सारखा नसतो. हा तक्ता अंदाजाने भरला की आयडल डुलतं, आणि मग महिनाभर माणूस नको तिथे चूक शोधत बसतो. स्वस्तातले बिननावाचे आठ इंजेक्टर घेऊन येणाऱ्यांना मी आता सरळ परत पाठवतो.

पंपाचं तपासणं सोपं आहे. रेलवर टायरसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याला गेज लावून नळी काचेबाहेर काढा, वायपरखाली टेपने चिकटवा आणि ट्रेलरसकट चढावर घेऊन जा. पेट्रोलवरच दाब ५८ वरून ५२-५० वर येत असेल, तर ई८५ चा विषय पंप बदलेपर्यंत बंद. दीड लाख मैल चाललेला पंप ३५ टक्के जास्त काम करेल ही आशा मी धरत नाही. नवा घेताना ई८५ साठी बनवलेलाच घ्या. इथेनॉलमधून वीज पेट्रोलपेक्षा सहज वाहते, आणि ते पाणीही ओढून घेतं. साध्या पंपाचे ब्रश आणि जोड त्याने झिजतात. पंपाच्या वायरकडेही बघा. जुन्या ट्रकमध्ये टाकीपर्यंत पोचेतो व्होल्ट दीड व्होल्ट सहज उतरलेला असतो.

टाकी तुमची प्लास्टिकची आहे, तिची काळजी नको. रबरी नळीचा मध्येच कोणी जोड दिला असेल तर तो काढून ई८५ ला चालणारी नळी टाका. आणि फिल्टर टाकीबाहेर वेगळा असेल तर पहिल्या दोन टाक्यांनंतर तो बदला. वीस वर्षांचा साचलेला गाळ इथेनॉल सोडवून पुढे ढकलतं, तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो.

आता मुख्य मुद्दा. पंपावर ई८५ लिहिलेलं असलं तरी आत ८५ टक्के इथेनॉल नसतं. अमेरिकी मानकानुसार ५१ ते ८३ टक्क्यांमध्ये काहीही चालतं. थंडीत इथेनॉलची वाफ होत नाही, म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतात. हे मला वाचून माहीत होतं, पण अंगी मुरलं ते एका एप्रिलमध्ये. एका शेतकऱ्याचा असाच ट्रक मी ठरावीक ८० टक्के धरून ट्यून करून दिला होता. तीन आठवड्यांनी तो परत आला: सायलेन्सरच्या तोंडाशी बोटाला लागेल इतकी काजळी, अॅव्हरेज पार झोपलेलं. मी सेन्सर तपासले, इंजेक्टर तपासले, अर्धा दिवस घालवला. शेवटी टाकीतलं इंधन काढून मोजलं तर ५४ टक्के. पंपवाल्याची काही चूक नव्हती, टाकीत हिवाळ्याचा माल शिल्लक होता आणि तो नियमात बसत होता. चूक माझी, पाटी वाचून ट्यून केलं.

तेव्हापासून पहिलं काम हे. काचेचं मापपात्र घ्या, खुणा असलेलं, बुचासकट. त्यात ५० मिली पाणी आणि ५० मिली इंधन. बूच लावून नीट हलवा, हळूच बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग पाच मिनिटं ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं, मधली रेघ लख्ख दिसते. वर पेट्रोल १६ मिली उरलं असेल तर ५० पैकी ३४ गेले, म्हणजे साधारण ६८ टक्के. एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतं, आपल्या कामाला चालतं. उघड्या जागेत करा, जवळ हीटर नको. (माझं लहानपण साखर कारखान्याजवळ गेलं. डिस्टिलरीवरून वारा आला की येणारा वास आणि हे बूच उघडल्यावर येणारा वास सख्खे भाऊ आहेत. तिकडे मळी, इकडे मका, एवढाच फरक.)

टक्केवारी चुकली तर काय होतं ते बघा. ५४ टक्क्यांच्या इंधनाला हवेचं प्रमाण साडेअकरा लागतं. ट्यून ९.९ वर असेल तर गाडी काळा धूर ओकेल, पैसे जातील, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेल. उलटं झालं तर जास्त वाईट. हिवाळ्याच्या साडेअकरावर ट्यून केलं आणि मे महिन्यात ८३ टक्क्यांचं भरलं, तर ०.८४ लॅम्डा (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) मागितलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात ०.९८ मिळेल. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतात, पण ट्रेलर ओढताना पाय पूर्ण दाबला की संगणक सेन्सरचं ऐकायचं थांबवून तक्त्यावर चालतो. नेमकी तिथेच गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: ठरावीक टक्केवारीवर ट्यून करू नका, फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवा. इंधनाच्या नळीत बसतो आणि इथेनॉलची टक्केवारी मोजतो. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे १००. पल्सच्या रुंदीवरून इंधनाचं तापमानही कळतं. १८० च्या पुढे आकडा गेला तर इंधनात पाणी किंवा भेसळ आहे असं समजायचं. तुमच्या ट्रकचा संगणक ज्या घराण्यातला आहे, त्याच घराण्यातला त्या काळच्या फ्लेक्स-फ्युएल ५.३ लिटर ट्रकमध्येही होता, आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर वाचायची सोय आधीपासून आहे. ते सॉफ्टवेअर आपल्या ६.० च्या तक्त्यांसह बसवणं जमतं. जाणकाराकडून करून घ्या. घरी पहिल्याच प्रयत्नात संगणक निकामी करून आणलेले दोघे मी पाहिले आहेत.

ट्यूनमध्ये पहिला बदल एकच: स्टॉइकचा आकडा, म्हणजे एक किलो इंधनाला लागणारी हवा. बरेच जण ई८५ साठी इंजेक्टरचा प्रवाह खोटाच कमी लिहितात, नाहीतर व्हीईचा (सिलिंडर किती हवा भरून घेतो त्याचा) तक्ता ४० टक्क्यांनी फुगवतात. चालतं, पण मग संगणकाला इंजिनात किती हवा जाते ते कळेनासं होतं आणि त्याच हवेच्या आकड्यावर टायमिंग आणि गिअरबॉक्सचा दाब ठरतो. तुमचा ४एल८०ई गिअरबॉक्स विनाकारण धडाधड गिअर टाकायला लागेल. हवा तेवढीच आहे, मग हवेचे तक्ते कशाला छेडायचे? आधी पेट्रोलवर एअरफ्लो सेन्सर आणि व्हीई नीट जुळवा, दुरुस्ती तीन-चार टक्क्यांच्या आत आणा. मग इंजेक्टरचा खरा डेटा आणि इथेनॉलनुसार बदलणारा स्टॉइक टाका. ई८५ वर बहुतेक सगळं आपोआप जागेवर येतं. जो दोन-तीन टक्के फरक उरतो तो इंधनाच्या घनतेचा आणि मॅनिफोल्डमधल्या गारव्याचा असतो.

वाइडबँड गेज (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारं) लॅम्डामध्ये वाचायची सवय लावा. १४.७ च्या मापावरचं गेज ई८५ वरही १४.७ च दाखवतं, आणि मग "अरे, ९.८ का दिसत नाही" म्हणून फोन येतात. लॅम्डा १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो. ओझ्याखाली मी ०.८२ ते ०.८५ ठेवतो.

मग येतं टायमिंग. इथेनॉल नॉक का होऊ देत नाही? एक तर त्याचा ऑक्टेन (नॉक रोखायची क्षमता) वरचा, आणि दुसरं म्हणजे वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, आणि वर ते घालतोही जास्त. सिलिंडरमध्ये जाणारी हवा गार होते. पण हा फायदा कुठे? जिथे पेट्रोल नॉक होतं म्हणून टायमिंग मागे ओढलेलं आहे, फक्त तिथेच. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.४ आहे. हलक्या चालीत ते पेट्रोलवरही आपल्या सर्वोत्तम टायमिंगवरच चालतं. तिथे चार अंश वाढवून काही मिळत नाही, उलट पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो आणि इंजिन स्वतःशीच कुस्ती खेळतं.

वाढवायचं ते जास्त भाराच्या रकान्यांत, दोन-दोन अंशांनी, डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) टॉर्क बघत. टॉर्क वाढायचा थांबला की एक पाऊल मागे. पेट्रोलवर नॉक ओरडून सांगतं की बस. ई८५ वर ते ओरडणारं कोणी नाही, म्हणून नॉक ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे ढकलणं हा शुद्ध वेडेपणा. शिवाय इथेनॉलला तप्त जागेवरून अवेळी पेटायची खोड पेट्रोलपेक्षा जास्त आहे. काजळलेला, जुना स्पार्क प्लग तिथे पुरतो. प्लग नवे टाका.

या संगणकात टायमिंगचे दोन तक्ते असतात, वरच्या ऑक्टेनचा आणि खालच्या ऑक्टेनचा. नॉक दिसेल तसा संगणक वरून खाली सरकतो. सेन्सर असला तरी खालचा तक्ता पेट्रोलचाच राहू द्या. रात्री अकराला कुठल्यातरी गावात ई८५ नसेल, पेट्रोल भराल, पुढच्याच चढावर गाडी काही सेकंदांत शिकून सुरक्षित टायमिंगवर येईल. दोन्ही तक्त्यांत ई८५ चे आकडे कोंबलेले ट्यून मी पाहिले आहेत. त्यांना उतरायला खाली जागाच नसते.

थंडीत सुरू करणं हा आयोवातला वेगळा छळ. शून्याखाली पंधरा-वीसला इथेनॉलची वाफच होत नाही. स्टार्टरच्या वेळचं इंधन थंडीच्या रकान्यांत भरपूर वाढवावं लागतं, दीडपट-दुपटीने सुरुवात करून पुढे. हे एका दुपारी होत नाही. गाडी रात्रभर बाहेर ठेवा, पहाटे एकदाच प्रयत्न करा, लॉग घ्या, परत रात्रभर थांबा. मी एका ट्रकवर जानेवारीतल्या नऊ पहाटा घालवल्या. ब्लॉक हीटर लावायची सोय असेल तर निम्मं दुखणं कमी. ब्राझीलमध्ये, तिथे तर आपल्यासारखी थंडीही नाही, पहिल्या फ्लेक्स गाड्यांना सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी वेगळी द्यायचे, यावरून अंदाज घ्या.

ऑइलचंही तसंच. थंडीत छोट्या फेऱ्या केल्या की ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय (पाणी मिसळलेलं ऑइल) दिसेल. गाडी आठवड्यातून एकदा तरी तासभर तापवून चालवा आणि ऑइल लवकर बदला.

कायद्याचा भाग कोणाला आवडत नाही, पण सांगितला पाहिजे. तुमच्या ट्रकचं उत्सर्जन प्रमाणपत्र पेट्रोलवरचं आहे. रस्त्यावरची गाडी दुसऱ्या इंधनावर न्यायची तर ती पद्धत पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, नियमांत बसावी लागते, नाहीतर क्लीन एअर अॅक्टखाली ती छेडछाड ठरते. गावात तपासणी होत नाही म्हणून नियम नाही असं नव्हे. ट्यून करणाऱ्याला "तुझ्याकडचं सॉफ्टवेअर आणि कागद कुठले" हे विचारायची लाज धरू नका. एक गंमत: १५ टक्क्यांचं ई१५ २००१ पासूनच्या हलक्या गाड्यांना मान्य आहे, पण तुमच्या ट्रकसारख्या हेवी-ड्यूटीला नाही. म्हणजे कागदोपत्री तुमच्या गाडीला १५ सुद्धा चालत नाही आणि आपण ८३ च्या गप्पा मारतोय.

गावाकडून अधूनमधून विचारणा येते, आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहेच, मग आमच्या पिकअपला हे जमेल का? तिकडच्या पिकअप बहुतेक डिझेलच्या. वरचं काहीही त्यांना लागू नाही.

खर्चाचं शेवटी बोलतो, कारण उत्तर तिथेच आहे. इंजेक्टर, पंप, सेन्सर, ट्यून आणि डायनोचे तास धरले तर हिशेब हजार डॉलरच्या खाली येत नाही, बरेचदा बराच वर जातो. अॅव्हरेज पाव हिश्शाने उतरणार. ट्रेलरसकट आज गॅलनला आठ मैल देत असेल तर सहा देईल, आणि २६ गॅलनची टाकी असेल तर दीडशे मैलांवर पुन्हा पंप. ई८५ पेट्रोलपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त स्वस्त असेल त्याच दिवशी तुमचे पैसे वाचतात, नुसतं स्वस्त असून भागत नाही. ई८५ च हवं असा हट्ट असेल, तर इंधनटाकीला पिवळं झाकण असलेली, कंपनीनेच फ्लेक्स-फ्युएल म्हणून दिलेली पुढच्या पिढीची ६.० लिटर २५००एचडी बघा. तिच्यात इंजेक्टर, पंप, संगणक, कागद सगळं जागेवर असतं आणि हॉर्सपॉवर ३६०.

तुमची खरी तक्रार चढावरच्या नॉकिंगची आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. स्कॅनर लावून तोच चढ, तोच ट्रेलर, दुपारच्या उन्हात, नॉक रिटार्डचा (नॉक ऐकून संगणकाने टायमिंग किती मागे ओढलं त्याचा) लॉग घ्या. चार-सहा अंश दिसले तर पुढच्या वेळी ८७ ऐवजी ९१ ऑक्टेनची एक टाकी भरून तोच चढ पुन्हा चढा. (भारतातल्या वाचकांसाठी: इथला ८७ म्हणजे तिकडच्या मोजणीने ९१-९२.) आकडा एक-दोनवर आला, तर वर्षातल्या त्या पाच-सहा ट्रेलरच्या फेऱ्यांना ९१ भरा आणि हजार डॉलर खिशात ठेवा. ९१ वरही नॉक तसंच राहिलं, तर दुखणं इंधनाचं नाही: आधी पिस्टनवरचा कार्बन, लीन चालणं आणि रेडिएटर बघा. दोन्ही लॉग पाठवलेत तर मी बघून सांगेन.